जागा धरून ठेवा

कार्तिकी सरली की गोव्यात पेडण्यापासून डिचोलीपर्यंत गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात. पालखी फिरून आली की रात्री उशिरा दशावतारी नाटक उभे राहते. जागा मात्र संध्याकाळीच धरावी लागते. चटई पसरायची, तिच्यावर घरातले वडीलधारे माणूस बसवायचे आणि बाकीच्यांनी खाजे घ्यायला पसार व्हायचे, ही रीत. आमच्याकडे हे काम आजीचे. चटईच्या काठावर परक्याचा गुडघा आला की आजी त्याला आजोळ विचारते. थोड्याच वेळात नाते निघते आणि तो मांडी घालून आत येतो. आम्ही खाजे घेऊन परततो तेव्हा जागा नसते ती आम्हालाच.

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो. तिकडे ब्लूग्रासचे मेळे भरतात : बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि माणसाएवढा उभा बास. केंटकीच्या बिल मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्यावरून त्या संगीताला नाव पडले. 1965 साली व्हर्जिनियातल्याच फिनकॅसलला त्याचा उघड्यावरचा मोठा मेळा भरला आणि मग ती प्रथाच पडली. भाचा म्हणाला, लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या मांडून ठेवतात आणि भटकायला जातात.

“खुर्चीवर बसवतात कोणाला?” आजीने विचारले.

“कोणालाच नाही. रिकामीच.”

“आणि कोण उचलून नेत नाही?”

अमेरिकेबद्दलचे आजीचे मत त्या दिवसापासून बरेच सुधारले. काकांचे मात्र बिघडले, कारण ब्लूग्रासच्या ताफ्यात बहुधा ड्रम नसतो हे त्यांना कळले. मृदंग नाही तर राजा आत येणार कसा, हा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. दशावताराचा ताफा तसा छोटाच, पेटी, मृदंग आणि झांज. पण सगळा डोलारा त्याच्यावर. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरले की नट ते उभ्या उभ्या रचतात. राजा किती वेळ बोलणार हे राजालाही ठाऊक नसते. तो कुठल्याही क्षणी पदाला हात घालील, म्हणून पेटीवाल्याला पहाटेपर्यंत डुलकीची सोय नाही. मला विचाराल तर मुकुट त्यालाच द्यायला हवा.

प्रेक्षकांना अशी सक्ती नाही. मुले संकासुरासाठी येतात. तो आला की आईच्या पाठीमागे लपतात, गेला की झोपतात. वहिनी राणीचे लुगडे आणि चाल बघायला जागी राहते, आणि राणी पुरुष आहे हे दरवर्षी नव्याने विसरते. काका युद्धाचा मृदंग वाजला की उठतात. आजी कधी झोपते ते कोणाला कळत नाही, कारण तिची मान दोन्ही अवस्थांत तालावरच हलते.

2024 च्या डिसेंबरात सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा मेळा आमच्याच पेडणे तालुक्यात, धारगळला भरला. आजीने एवढेच विचारले, “देव कुठला?”

आमच्या जत्रेत पहाटे नाटक संपून दहीहंडी फुटते आणि आम्ही गाडीत कोंबले जातो. तिथे कळते की प्रत्येकाने वेगळाच तुकडा पाहिला आहे. ते जोडत जोडत घरापर्यंत आख्यान पुरे होते. त्यात राक्षस दोनदा मरतो, पण काकांना दोन्ही वध हवे असतात.