सॅक पुढे घ्या! विठ्ठलवाडीच्या जुन्या ग्रुपने युरोपात रेल्वेने कसे हिंडावे
प्रथम पात्रता. सदर मार्गदर्शन सकाळच्या लोकलला किमान पंचवीस वर्षे एकाच डब्याच्या एकाच दाराला लोंबकळलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या गृहस्थांसाठी आहे. इतरांनी टूर कंपनीबरोबर जावे. तिथे वेळेवर उठवतात, मोजून बसमध्ये बसवतात आणि परमुलखात पुरणपोळी वाढतात. यावर कोणी म्हणेल, ‘आम्ही कल्याणचे, आम्हालाही चालेल ना?’ नाही चालणार. कल्याणकरांना कल्याणहून सुटणारी गाडी असते. विठ्ठलवाडीला येणारी प्रत्येक गाडी बदलापूर-अंबरनाथकरांनी आधीच भरून पाठवलेली असते. बसायचे तर उलट दिशेने अंबरनाथ गाठावे लागते आणि रिटर्न यावे लागते. पुढे जाण्यासाठी आधी मागे जाणे ज्याला अपमानास्पद वाटत नाही, तोच युरोपात टिकतो.

ग्रुप पाच जणांचा असावा. चौघांत दोन-दोनचे तट पडतात आणि सहा जणांत कोणीतरी भाषण करतो. आमच्या पाचांना गाडीनेच नावे दिलेली आहेत. ‘विंडो’ला तीस वर्षांत कोणी खिडकीवरून उठवू शकलेले नाही. ‘इंडिकेटर’ला सगळ्या गाड्या पाठ, विशेषतः सुटलेल्या. ‘खजिनदार’ दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी जमवायचा आणि 2009 सालचे उरलेले चाळीस रुपये अजून त्याच्याकडे आहेत. ‘चौथी सीट’ हा बारीक गृहस्थ आयुष्यभर तिघांच्या बाकावर चौथा बसला; त्याचा अर्धा देह कायम हवेत. पाचवा मी. मला टोपणनाव नाही, कारण नावे मी ठेवतो.

व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे लहानसे गाव. 14 जून 1985 रोजी तिथे नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सही केली आणि आपसातल्या सीमेवरची तपासणी काढून टाकायचे ठरवले. पाच जणांचे एका बोटीत एकमत होऊ शकते, हे इथे लक्षात घ्यावे. आमचे होत नव्हते. नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. त्यामुळे अर्जाआधी रात्री वाटून घ्याव्या लागल्या. ते काम विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोजवळच्या चहाच्या टपरीवर तीन रविवार चालले आणि शेवटी स्वित्झर्लंडला एक रात्र जास्त मिळाली, ती केवळ विंडोने चहाचे पैसे दिले म्हणून. विमा किमान तीस हजार युरोचा हवा. हा आकडा घरी सांगू नये. घरच्यांच्या नजरेत नको तो विचार चमकून जातो.

पास हा शब्द आपल्याला नवा नाही, पण हा पास वेगळा आहे. युरेल पासावर ‘कुठून कुठे’ नसते. तेहतीस देशांत कुठेही. खजिनदाराला हे शेवटपर्यंत पटले नाही. ‘असं कसं? व्हाया तरी लिहिलं असेल,’ असे म्हणत तो पास उलटासुलटा करून बघत होता. पास मोबाइलमध्ये असल्यामुळे मोबाइल उलटासुलटा होत होता. आम्ही घेतला तो एका महिन्यात कोणतेही सात दिवस प्रवास करायचा. दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. प्रत्येक गाडीत चढण्याआधी ती गाडी पासात नोंदवायची, नाहीतर पास खिशात असूनही तुम्ही विनातिकीट. साठीपुढच्यांना दहा टक्के सवलत आहे. आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत मार्च 2020मध्ये बंद झाली, ती झालीच. त्यामुळे हे दहा टक्के आम्ही हुंडा मिळाल्यासारखे मिरवले. मात्र फ्रान्सच्या टीजीव्हीत पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. हे आधी वाचून ठेवावे. आम्ही नंतर वाचले.

आता मुख्य विषय, सॅक. युरोपातली पोरे सॅक पाठीवर घेऊन डब्यात शिरतात, वळतात आणि मागच्या म्हातारीचा चष्मा पाडतात. आपल्याकडे पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्याला मशीद बंदरपर्यंत बोलणी खावी लागतात. ‘ओ, बॅग पुढे घ्या!’ हे वाक्य आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो आहोत. म्हणून आम्ही पाचही जण आल्प्स चढताना सॅक छातीवर घेऊन फिरलो. समोरून येणाऱ्यांना वाटे, पाच आजोबा पाच नातवंडे घेऊन निघालेत. काही बायकांनी वाकून आत बघितलेसुद्धा. सॅक कुठून घ्यावी? आम्ही शेजारधर्म पाळून उल्हासनगरात घेतली. तिच्यावर ‘यूएसए’ असे भरतकाम होते. याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद फाळणीनंतर कॅम्पात वस्ती झाली तेव्हापासून चालू असावा, आणि चेन तिसऱ्या दिवशी उसवली तेव्हा तो आम्हाला पाचव्यांदा ऐकावा लागला. वजन आठ किलोच्या वर जाऊ देऊ नये. इंडिकेटरने सात किलो कपडे आणि चार किलो औषधे घेतली होती. अठरा दिवस घर सोडायचे, या कल्पनेनेच त्याला धाप लागली होती. अशा माणसाला आनंदीबाई जोशींची आठवण करून द्यावी. जन्म कल्याणचा, वय अठरा, 1883 साली नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला, आणि तेही डॉक्टर व्हायला. हे ऐकल्यावर इंडिकेटरने दोन किलो औषधे काढली. कपडे काढले नाहीत.

खाण्याचे पदार्थ नेताना कायदा पाहावा. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे गेले, श्रीखंडाच्या वड्याही गेल्या. ताज्या फळांनाही बहुतेक बंदीच, पण पाच गोष्टींना मोकळीक आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन नावाचे ते वासाळ फळ आणि नारळ! नारळ चालतो म्हटल्यावर चौथी सीटचे डोळे भरून आले. त्याने सोललेला, शेंडीवाला नारळ घेतला. पहिल्या गाडीच्या पायरीवर फोडायचा म्हणून. फ्रँकफर्टच्या फलाटावर पोचल्यावर फोडायला दगड मिळेना. इतके स्वच्छ स्टेशन काय कामाचे? तो नारळ सहा दिवस आमच्याबरोबर हिंडला आणि सातव्या दिवशी खजिनदाराने त्याचाही एक पास का काढला नाही, अशी विचारणा झाली.

गाडीत चढणे सोपे आहे. अवघड आहे ते योग्य तुकड्यात चढणे. कल्याणला अंबरनाथ समजून आसनगाव गाडीत चढलेला आणि शहाडला उतरून तोंड लपवलेला माणूस आपल्यात एक तरी असतोच (मीच तो, 1996). जर्मनीतले कल्याण म्हणजे हाम. बर्लिनकडून आलेली जोडगाडी तिथे फुटते; अर्धी एका वाटेने, अर्धी दुसऱ्या. गाडी तीच, डबा चुकला की गाव चुकले. तेव्हा फलाटावर डब्याचा नंबर बघावा आणि इंडिकेटरला विचारू नये. वेळापत्रकाबाबत मात्र निर्धास्त राहावे. जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 साली जेमतेम 62 टक्के वेळेवर पोचल्या आणि त्यात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरलेलाच नाही. एका फलाटावर चाळीस मिनिटे उशिराची पाटी झळकली, तेव्हा सगळे जर्मन कपाळाला आठ्या घालून उभे होते आणि आमचे पाचही चेहरे माहेरी आल्यासारखे फुलले होते.

उतरण्याबाबत एक गंभीर सूचना. विठ्ठलवाडीला गाडी वीस-तीस सेकंद थांबते, म्हणून आपण कल्याण सुटायच्या आधीपासून दारात उभे असतो. वालधुनी नदीचा वास आला की शरीर आपोआप पुढे सरकते. या सवयीने एका स्विस गावी आम्ही दहा मिनिटे आधी उठलो, सॅक पुढे घेतल्या, ‘उतरणार का?’ असे पुढच्याला विचारले (पुढे विंडोच होता) आणि दाराला चिकटून उभे राहिलो. गाडी थांबली. दार उघडेना. आम्ही थांबलो, ते थांबले. मागून धक्का देणारे कोणी नव्हते, म्हणून आम्ही एकमेकांना दिला. गाडी सुटली. दाराला एक हिरवे बटण असते, ते दाबायचे असते, हे पुढच्या स्टेशनावर एका सहा वर्षांच्या मुलीने दाबून दाखवले. पासाचा दिवस वाया गेला नाही एवढेच. खजिनदाराने मात्र ते वहीत ‘किरकोळ’ या सदरात लिहिले.

देशाभिमान योग्य जागी बाळगावा. युंगफ्राउयोखची गाडी डोंगर पोखरून 3454 मीटरवर नेऊन सोडते. वर गेल्यावर सगळे बर्फ बघतात. तुम्ही खड्या आवाजात सांगावे, की ही गाडी 1912ची आणि आमच्या नेरळची माथेरान गाडी 1907ची. विठ्ठलवाडीहून कर्जत लोकल पकडा, थेट. यावर एखादा स्विस नम्रपणे रिगीची डोंगरगाडी 1871ची असल्याचे सांगेल. तेव्हा बर्फ बघावा. पण खचून जाऊ नये. त्यांची झुरिक ते बाडेन ही पहिली गाडी 1847ची, आपली बोरीबंदर-ठाणे 1853ची. सहा वर्षांचे अंतर म्हणजे काही नाही. शिवाय त्या गाडीला लोकांनी नाव काय दिले होते? बाडेनच्या एका गोड पावाचे, कारण झुरिकच्या श्रीमंतांकडचे नोकर तिने ते पाव आणायचे. गाडी जाते कुठे यापेक्षा तिथे खायला काय मिळते, याला महत्त्व देणारी ती माणसे आहेत. कर्जतचा बटाटेवडा त्यांना न सांगता कळेल.

स्टेशनावर मुतारीला एक युरोच्या आसपास पडतात, गाडीत फुकट. आपल्या लोकलमध्ये ती सोयच नसल्याने तीस वर्षे कमावलेला संयम इथे व्यर्थ आहे, गाडीतच आटपावे. हॉस्टेलात खालचा पलंग गुडघेदुखीवाल्याला द्यावा. आमच्यात पाच गुडघेदुखीवाले निघाले.

राहता राहिली बसण्याची व्यवस्था. युरोपातल्या डब्यात समोरासमोर दोन-दोनच्या जागा असतात. पाच माणसे त्यात बसत नाहीत. पाचव्याने पॅसेजपलीकडे बसावे, असे तिथले शास्त्र सांगते. कुर शहराकडे जाताना डबा जवळजवळ रिकामा होता. चौथी सीट आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या आसनावर, पलीकडे, एकटा बसला. पाय लांब केले. खिडकीतून तळे बघितले. पाच मिनिटांनी उठला आणि आमच्या बाकाच्या कडेशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. विंडोने न बघता कंबर सरकवली, मी खजिनदाराच्या मांडीवर गेलो, आणि दोघांच्या जागेत तिघे असे आम्ही बसलो. त्याचा अर्धा देह पुन्हा हवेत. तेवढ्यात चेकर बाई आल्या. त्यांनी पाच पास तपासले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि एकदा पन्नास रिकाम्या आसनांकडे. अशा वेळी काहीही समजावून सांगू नये. सॅक पुढे घ्यावी आणि त्यांना जायला वाट द्यावी.