टिचकीमामा

मुंबईच्या उपनगरात पहिलं घर घ्यायचं तर तिघं लागतात: कर्ज देणारी बँक, घाई करणारा एजंट आणि भिंतीवर टिचकी मारणारा मामा. पहिले दोघे पैसे घेतात. तिसरा चहा घेतो, पण दोनदा.

आमचे मामा टपाल खात्यातून निवृत्त झाले. सिमेंटचा आणि त्यांचा संबंध काय, असं विचारायची सोय नाही. ‘‘पस्तीस वर्षं पार्सल हलवून आत काय आहे ते ओळखलं. भिंत म्हणजे उभं पार्सलच!’’

मामांच्या कापडी पिशवीत टॉर्च, टेप आणि काचेची गोटी असते. गोटी हॉलमध्ये जागची हलता कामा नये आणि बाथरूममध्ये जाळीकडेच गेली पाहिजे. अंधेरीच्या एका फ्लॅटात ती नेमकी उलट वागली. एजंट म्हणाला, ‘‘काका, गोटी खराब असेल.’’ मामा त्याच्याशी पुढे बोललेच नाहीत.

ताज्या रंगाचा वास आला की त्यांचं नाक वर होतं. ‘‘नवा रंग म्हणजे जुनी ओल!’’ म्हणून ते घर जुलैतच बघतात. त्यामुळे एजंटांना मामा आणि आम्हाला सर्दी, दोन्ही दरवर्षी पावसाळ्यात होतात.

घाटकोपरला नव्या इमारतीत मामांनी टेप काढला. 2017 साली रेरा आल्यापासून नव्या घराची किंमत कार्पेटवर ठरते आणि त्या कार्पेटात घराच्या आतल्या भिंतीही मोजतात, हे कळल्यावर ते हादरले. ‘‘म्हणजे मी टिचकी मारतो त्या जागेचेही पैसे?’’ ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, हे ऐकून जरा शांत झाले. मग म्हणाले, ‘‘आणि सहाव्या वर्षी गळलं तर?’’

शेवटी मुलुंडला जुन्या इमारतीत घर मनात भरलं. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं. सोसायटीचे सेक्रेटरी ‘फाइल कपाटात आहे’ म्हणाले आणि कपाटाची किल्ली पुण्याला आहे म्हणाले. बायकोने सरळ इंजिनिअर बोलावला.

त्याने पिशवीतून रिबाउंड हॅमर काढला, खांबाला टेकवून दाबला. टक्. आकडा लिहिला. पुन्हा टक्. मामा मागोमाग त्याच जागी टिचक्या मारत होते. नंतर पावती बघून म्हणाले, ‘‘टकटकीचे एवढे?’’

‘‘मामा, एजंटला याच्या कितीतरी पट देतोय की!’’

‘‘तो निदान टकटक तरी करत नाही.’’

अहवाल आला. खांब ठणठणीत, पण बाथरूमच्या छतातून गळती; वरच्यांचा नहाणी ट्रॅप फुटका. मामांनी हे आधीच सांगितलं होतं. टिचकीने नव्हे, शेजारच्या आजींकडे दुसरा चहा घेताना त्यांना सगळा इतिहास कळला होता. पण आजींच्या चहावर मालक भाव कमी करत नव्हता, अहवालावर केला.

परवा मावसबहिणीसाठी बोरिवलीला गेलो. मामांनी तुळईला टिचकी मारली, कान लावला, बराच वेळ गप्प राहिले.

‘‘ही माझ्या चहाच्या पलीकडची आहे,’’ ते म्हणाले. ‘‘इंजिनिअर बोलाव.’’