टेन्टेटिव्ह

एलसी-एमएसची खोली आली की तिच्यात एक सर आलेच. बाहेर मे महिन्याची काहिली, आत एसी आणि सर स्वेटरमध्ये. एसी सरांसाठी नसतो, मशीनसाठी असतो. सर्दी सरांना झालेली चालते.

पोरं जांभळाचा अर्क घेऊन येतात. "सर, फोलिन टेस्टमध्ये भरपूर पॉलिफिनॉल आलेत!"

"निळं झालं म्हणून खूश? क जीवनसत्त्वानंही निळं होतं. गाळलंय कितीच्या फिल्टरनं? ०.४५? ०.२२ नं गाळा. आणि फॉस्फेट बफर नाही ना त्यात?"

फॉस्फेट हा शब्द सर रात्री सापाचं नाव घ्यावं तसा दबक्या आवाजात घेतात. ते उडून जात नाही, सोर्सवर पांढरा थर धरतं. मग सॅम्पल कोणाचंही असो, घासायला सरच.

रन रात्रभर चालतो. सकाळी ३०१ वर ठसठशीत पीक.

"सर, क्वेर्सेटिन!"

"कशावरून? एलॅजिक अ‍ॅसिडही निगेटिव्ह मोडमध्ये ३०१ लाच दिसतं, आणि जांभळात ते असतंच. फोडून पाहिलंत? १५१ चा तुकडा आला? स्टँडर्ड त्याच मिनिटाला बाहेर पडतं?"

पोरगी गप्प. सर वहीत लिहितात: 'टेन्टेटिव्ह'. बिचारीच्या पेपरचं काय व्हायचं ते होवो, पण चूक सरांची नसते, हे मात्र खरं. कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन यांचं वस्तुमान एकच, तुकडेही सारखेच. त्यांना वेगळं काढतो तो कॉलम. त्यामुळे सरांचा नुसत्या वजनावर विश्वास नाही, कॉलमवर आहे. दसऱ्याला झेंडूचं फूलही पंपाला नाही, कॉलमला.

घरीही हेच. आंबेवाला म्हणतो, "देवगड हापूस." सर म्हणतात, "टेन्टेटिव्ह." बायको विचारते, "अहो, आमटीत मीठ बरोबर आहे का?" सर विचारतात, "कॅलिब्रेशन कर्व्ह कुठंय?" त्या दिवशी आमटी परत मागायची सोय राहत नाही.

परवा मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा देखणा, पगार दणदणीत, पण तीन वर्षांत चौथी कंपनी.

"गॅलिक अ‍ॅसिड आहे," सर म्हणाले. "कॉलमवर थांबतच नाही, आल्या आल्या बाहेर."

"अहो, स्वभावाने चांगला आहे म्हणतात!"

"टेन्टेटिव्ह."

शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, मी त्याला कॉलेजपासून ओळखते."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे स्टँडर्ड घरात होतं? मग मला अननोन म्हणून का दिलंत?"