खुब्याचं लेखापरीक्षण

सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो वाण्याच्या बिलावर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करतो. लग्नपत्रिका हातात पडली की वधूवरांच्या नावाआधी तारीख आणि वार जुळतात का ते पाहतो. ‘काय, कसं काय?’ असं कुणी सहज विचारलं, तर ‘कशासंदर्भात?’ असं उलट विचारतो. नाशिकमधल्या आमच्या सोसायटीतले काका याच जातकुळीतले. मध्यंतरी त्यांचा उजवा खुबा धरला आणि सात वर्षं किरकोळ बिलांवर चाललेल्या त्यांच्या पेन्सिलीला खरं काम मिळालं.

दुखणं आलं ते कर्तव्यदक्षतेतून. चिरंजीवांनी वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ दिलं. जन्मभर खुर्चीत बसलेल्या काकांनी पहिल्याच सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दहा हजार पावलांचं उद्दिष्ट पूर्ण केलं. घड्याळ वाढीव आकडा तर दाखवत नाही ना, या शंकेने दुसऱ्या दिवशी तोंडाने मोजत पुन्हा चालले. महिना संपायच्या आत उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं, जिना चढताना चमक निघू लागली आणि पंगतीत मांडी घालणं गेलं.

मग सोसायटीने उपचार सुचवले. कुणी निर्गुंडीचं तेल आणून दिलं, कुणी विटेचा शेक सांगितला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ‘उसण भरलीय, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या’ असं ठामपणे सांगितलं आणि गावाकडून एक पायाळू भाचा बोलावूनही घेतला. काकांची हरकत नव्हती. त्यांनी फक्त तो पायाळू असल्याचा दाखला मागितला. भाचा चहा पिऊन परत गेला.

शेवटी काका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पोहोचले ते एक्स-रे, एमआरआय आणि रक्ताचे अहवाल अनुक्रमांक घालून, हिरव्या टॅगने बांधून. तिथल्या डॉक्टर त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “काका, दुखतं तिथे एक बोट ठेवा.” फाइल न उघडता सुरू झालेली तपासणी काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांनी पँटच्या खिशाजवळ बाहेर येणाऱ्या हाडावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या की खुद्द सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं. हे हाडाच्या बाहेरच्या अंगाला, स्नायू जिथे चिकटतो तिथलं दिसतंय. मग त्यांनी काकांना उजव्या पायावर उभं केलं. काकांची डावी बाजू खचली.

“एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. तो पेलणारा बाजूचा स्नायू तुमचा कमजोर आहे. अशी कंबर खचते, त्याला ट्रेंडेलेनबर्गची खूण म्हणतात. १८९५ साली त्या जर्मन सर्जनने लिहून ठेवलीय.”

साल सांगितल्यामुळे डॉक्टरांबद्दल काकांचं मत एकदम बदललं. त्या संध्याकाळी सोसायटीच्या बाकावरच्या प्रत्येकाला त्यांनी ‘माझं ट्रेंडेलेनबर्ग पॉझिटिव्ह आलं’ हे कळवलं. दोघांनी अभिनंदन केलं.

काकांची खरी ओढ मात्र मशीनकडे. पडद्याआड पालथं पडावं, पाठीवर गरम पॅक असावा, करंटच्या मुंग्या याव्यात आणि शेजारच्या कॉटवरच्या गुडघ्याशी पेन्शनच्या फरकाबद्दल बोलावं, यालाच ते उपचार समजत. डॉक्टर म्हणाल्या, “शेक आणि करंटने थोडं बरं वाटेल, पण स्नायू बळकट होणार नाही. काम घरी करायचंय.” काकांनी इंजेक्शनचं विचारलं. तेव्हा डॉक्टरांनी २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेली ऑस्ट्रेलियातली चाचणी सांगितली. अशाच दुखण्याचे २०४ रुग्ण. आठ आठवड्यांनी ‘बरंच बरं वाटतं’ म्हणणारे व्यायाम करणाऱ्या गटात सुमारे ७७ टक्के, स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत ५८ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९.

काकांनी आकडे उतरून घेतले. “म्हणजे मी सत्त्याहत्तर टक्क्यांत.”

“व्यायाम केलात तर, काका. ते लोक रोज घरी करत होते.”

व्यायाम अगदी साधे होते. पाठीवर पडून, गुडघे उभे करून कंबर उचलायची आणि पाचापर्यंत मोजायचं. डाव्या कुशीवर वळून, टाचा जुळवून, वरचा गुडघा हळू उघडायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. दहाचे दोन सेट. शिवाय काही मनाई हुकूम होते: पायावर पाय टाकून बसायचं नाही, रांगेत एका पायावर भार टाकून रेलायचं नाही, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. आणि काठी डाव्या हातात, कारण दुखऱ्या खुब्याचा भार विरुद्ध हातातल्या काठीने हलका होतो.

काकांनी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: दिनांक, व्यायामाचा प्रकार, मंजूर संख्या, प्रत्यक्ष संख्या, शेरा. आखणीतच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. चौथ्या दिवशी क्रिकेटचा सामना. दर शनिवारी डॉक्टर वही पाहणार, म्हणून शुक्रवारी रात्री दिवाणखान्यातली टीपॉय हलवून काका सतरंजीवर आडवे झाले आणि आठवड्याची सगळी थकबाकी एका बैठकीत वसूल करायला बसले. कंबर वर, कंबर खाली. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “अहो, खालच्यांची बेल वाजतेय. पंखा हलतोय म्हणतात.” शनिवारी काका दवाखान्यात गेले ते पहिल्या दिवसापेक्षा जास्त लंगडत.

“काका, शंभर एकदम केलेत?”

“एकशे चाळीस. संख्या पूर्ण आहे.”

“स्नायूला मागची थकबाकी कळत नाही. आज जेवढं झेपतं तेवढंच करायचं, मग उद्या थोडं जास्त.”

काकांना हे पटलं नाही. ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजता अख्ख्या जिल्ह्याचा वर्षाचा खर्च होताना त्यांनी स्वतः पाहिला होता. खुबा त्याला अपवाद का असावा?

गंमत अशी की सल्ला देण्यात काका अचूक. वॉचमनची काठी त्यांनी चुकीच्या हातातून बरोबर हातात दिली. आजींना गुडघ्यांत उशी घेऊन झोपायला लावलं. दूधवाल्याला खुर्चीतून उठण्याचा व्यायाम शिकवला. तिघांनाही उतार पडला, कारण तिघांनीही सांगितलं ते रोज केलं. काका मात्र स्वतःची काठी उजव्या हातातच धरत, कारण डाव्या हातात वही असे.

असेच पाच शनिवार गेले. सहाव्या शनिवारी डॉक्टरांनी वही उघडली, पान उलटलं आणि थांबल्या. “काका, आज किती तारीख?”

“चौदा.”

“इथे पंधराचा व्यायाम झालाय. शेरा: ‘समाधानकारक’.”

काका क्षणभरही गडबडले नाहीत. “ते अग्रिम आहे. समायोजन करून घेऊ.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांचे वडील पंचायत समितीत नोकरीला होते हे काकांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी लाल पेन घेतलं, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली आणि डाव्या बाजूला लिहिलं: ‘अर्धसमास क्र. १. प्रत्यक्ष काम न करता नोंद घेतल्याचे दिसून येते. खुलासा करावा व वसुली दाखवावी.’

काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पस्तीस वर्षं त्यांनी ग्रामसेवकांना आणि मुख्याध्यापकांना असे अर्धसमास दिले होते. त्यांच्या नावे मात्र आजवर एकही निघाला नव्हता. ते काही न बोलता कॉटवर चढले, डाव्या कुशीवर वळले आणि दहा वेळा गुडघा उघडला. सावकाश, पाच मोजत. मग उठून पानाच्या उजव्या बाजूला लिहिलं: ‘अनुपालन केले आहे. आक्षेप वगळण्यात यावा.’

त्यानंतर काकांचा एकही दिवस चुकला नाही. आक्षेप निघण्याच्या भीतीने त्यांनी गणपतीत आरतीआधी व्यायाम उरकला. ८ सप्टेंबरला, जागतिक फिजिओथेरपी दिनी, दवाखान्यात पेढे नेले आणि पावती मागितली. दहाचे दोन सेट तिनावर गेले, गुडघ्याभोवती पिवळा रबरी पट्टा आला, पुढे लाल. दिवाळीपर्यंत ते उजव्या कुशीवर झोपू लागले आणि काठी वॉचमनच्या केबिनमध्ये राखीव म्हणून जमा झाली.

मग वही दोन्ही हातांनी पुढे करून ते डॉक्टरांना म्हणाले, “आता पूर्ततेचा दाखला द्या. प्रकरण बंद करू.”

डॉक्टरांनी शेवटच्या पानावर लिहिलं: ‘रोजचे चालणे व व्यायाम, परिच्छेद खुला ठेवण्यात येत आहे.’

आम्हाला वाटलं, काका चिडतील. पण ते पान त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना फिरवून दाखवलं, फोटोही काढू दिला. एकाने विचारलंच, “काका, यात आनंद कसला? आता जन्मभर व्यायाम करावा लागणार.”

काकांनी वही मिटून काखेत मारली. “परिच्छेद खुला असला की फाइल नष्ट करता येत नाही. नियमच आहे.”