कारण : गांजा

माझ्या भाचीच्या वाट्याला गांजा आला. म्हणजे चिठ्ठीत आला. प्रकल्पाचे विषय वाटताना सरांनी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. शेजारणीला ‘प्लास्टिकचा भस्मासुर’ मिळाला, मागच्या बाकावरच्या पोराला ‘मोबाईल : शाप की वरदान’ आणि हिला ‘गांजा : एक वस्तुनिष्ठ अभ्यास’. वीस पानं, मार्जिन सोडून.

ठाण्यात बाळकुमला, बहिणीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात त्या संध्याकाळी आधी दार बंद झालं, मग खिडक्या, मग मला बहिणीचा फोन आला. “दादा, हिनं माझ्या फोनवर गांजा शोधलाय रे. पोलिसांना कळतं का?” मागून तिच्या सासूबाईंचा आवाज : “तुळशीत भांग म्हणतात ती हीच.” खरं म्हणजे पोरीनं तोपर्यंत फक्त व्याख्या शोधली होती.

मामा लिहितो-बिहितो, म्हणून मदतीला मामा. मीही उत्साहात गेलो. माझी गांज्याविषयीची माहिती होती ती वर्तमानपत्रातली. कल्याण स्टेशनात बॅग सापडते, गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या माहितीनुसार सापळा रचला जातो, एक इसम संशयास्पदरीत्या वावरताना आढळतो आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर पुड्या, मागे रांगेनं साहेब असा फोटो येतो. वजन असतं, किंमत असते. भाची म्हणाली, “मामा, ही वजनकाट्याची पावती झाली. अभ्यास कुठाय?”

मग नेटवर गेलो. तिथे दोनच दुकानं उघडी. एका दुकानात गांजा ओढला की माणूस वेडा होतो, थेट. दुसऱ्यात गांजा अमृत आहे, कॅन्सरपासून केसगळतीपर्यंत सगळं बरं करतो, फक्त औषध कंपन्या आपल्याला सांगत नाहीत. दोन्ही दुकानदारांचा आत्मविश्वास सारखाच होता. मधल्या गाळ्याला कुलूप.

कुलूप उघडलं ते स्कॉटलंडमधून. 1893 साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, हिंदुस्थानातले लोक गांजा ओढून ओढून वेड्यांच्या इस्पितळात भरती होताहेत म्हणतात, हे खरं का? त्यावर सरकारनं आयोग नेमला, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. त्याच साली, 1 जूनला, आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, हा योगायोग मी भाचीला दोनदा सांगितला. तिनं दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं. आयोग देशभर फिरला, 1,193 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये सात खंडांचा, तीन हजारांवर पानांचा अहवाल दिला. तो आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं फुकट वाचायला ठेवलाय. आपल्या चिलमीचा हिशोब एडिंबरोत, आणि पोरगी बाळकुमला बसून वायफायवर तो उतरवून घेतेय.

सात खंड कोण वाचणार? वीस पानांच्या प्रकल्पासाठी तर कोणीच नाही. पण भाची वेड्यांच्या इस्पितळाच्या प्रकरणाशी अडकली. ठाणेकरांना तो विषय जवळचा. मुंबईतला कोणी विचित्र वागला की अजूनही “याला ठाण्याला पाठवा” म्हणतात आणि आपण ठाण्याचेच असलो की कसनुसं हसतो. (नरोत्तमदास माधवदासांच्या देणगीतून उभं राहिलेलं आपलं इस्पितळ 1901 चं. आयोगाच्या वेळी मुंबई इलाख्यातले वेडे कुलाब्याला नाहीतर रत्नागिरीला वगैरे जात.)

तर प्रकरण असं. 1892 साली देशभरातल्या या इस्पितळांत 1,344 माणसं दाखल झाली. त्यांतल्या 222 जणांपुढे कारण लिहिलं होतं : गांजा-भांग-चरस. आयोगानं साधी गोष्ट केली. हे कारण लिहिलं कोणी, ते विचारलं. तेव्हा कळलं की माणसाला पकडून आणताना पोलीस एक तक्ता भरून द्यायचे. त्यात ‘कारण’ असा रकाना. रस्त्यात बडबडत फिरणाऱ्या अनोळखी माणसाचं कारण बिचाऱ्या शिपायाला कुठून ठाऊक? पण रकाना मोकळा ठेवून चालत नाही, साहेब ओरडतो. कोणी म्हणालं ओढायचा, लिही गांजा. इस्पितळातल्या कारकुनानं तेच वहीत उतरवलं, वहीवरून वार्षिक अहवाल झाला, अहवालावरून पार्लमेंटात प्रश्न झाला. एकेक केस पुन्हा उकरून पाहिल्यावर 222 चे 98 उरले आणि त्यांतल्याही 37 जणांच्या बाबतीत इतर कारणं मिसळलेली होती.

हे वाचून भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मामा, एका हवालदाराचा कंटाळा थेट लंडनला गेला?”

मी म्हटलं, हे वाक्य घाल. तिनं घातलं नाही. म्हणाली, वस्तुनिष्ठ नाही. खरंय. शिवाय ब्रिटिश सरकारला गांज्यावरचा महसूलही प्यारा होता, तेव्हा बंदी नको, कर आणि निर्बंध ठेवा, ही आयोगाची शिफारस त्याला गोडच लागली असणार. तेही तिनं लिहिलं, माझ्या परवानगीशिवाय.

आयोगाच्या तीनशे वर्षं आधी आपल्याकडचा अभ्यास याहून सोपा होता. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. आज बाळकुमला दोन खोल्यांसाठी वीस वर्षं हप्ते भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचू नये. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या वनौषधींवरच्या पुस्तकात भांगेवर एक संवाद आहे. संशोधनपद्धती काय, तर घरातल्या नोकरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, काम जाणवत नाही, मन खूश राहतं आणि भूक लागते. ते ती मालकाला न कळवता घ्यायचे, हेही त्यानं लिहून ठेवलंय. एवढ्या प्रामाणिक माणसाचं पुढे काय झालं? तो ज्यू वंशाचा, म्हणून मेल्यावर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली. भांगेचा त्यात काही संबंध नव्हता, पण कोणी रकाना भरला असता तर सांगता येत नाही.

कायद्याच्या पानांवर मात्र आमची बसच थांबली. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा 14 नोव्हेंबरला लागू झाला. बालदिनी. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येत येतच नाहीत. भाचीनं वहीत आमच्या टॉवरसारखी आकृती काढली. वरचा मजला शेंड्याचा, तिथे दिल्लीचा कायदा आणि तुरुंग. मधला पानांचा, म्हणजे भांगेचा. तो केंद्रानं सोडला, पण महाराष्ट्रात आला की 1949 चा दारूबंदी कायदा जिन्यात उभा, परवाना विचारतो. बिया राहतात तळमजल्यावर. त्यांना 2021 मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं चक्क खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, नशेचा अंश ठरावीक मर्यादेत असला तर. एकच झाड, आणि प्रत्येक मजल्याला वेगळी सोसायटी.

बहिणीचं लक्ष भलत्याच आकड्याकडे गेलं. गांज्याचं ‘अल्प प्रमाण’ म्हणजे एक किलोपर्यंत. त्याला वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या पुढे ‘व्यापारी प्रमाण’, तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू. “एक किलो अल्प?” ती म्हणाली. “मी कोथिंबीरसुद्धा एवढी घेत नाही.”

भाजीवरून आठवलं. संशोधनासाठी प्रत्यक्ष झाड बघायला हवं, असा भाचीचा आग्रह. परवान्याशिवाय ते झाड बघायला जाणं म्हणजे आपलाच फोटो टेबलामागे निघणं. मग तिनं वाचून काढलं की अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. म्हणजे गांज्यासारखी पानं असलेली. गेलो नाक्यावर. भाजीवाल्या मावशीच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली जुड्या होत्या. पान हातासारखं फाटलेलं, बोटं लांब, कडांना बारीक दाते, देठ तांबूस. भाचीनं एक पान तळहातावर पसरलं, मोबाईलमधल्या चित्राशी लावलं, पट्टी काढून मोजलं. मावशी थोडा वेळ बघत राहिल्या.

“काय गो, घेवाची हाय का नुस्ती मापाची?”

दोन जुड्या घेतल्या. रात्री ज्वारीच्या कण्या आणि लसणाची फोडणी देऊन भाजी झाली. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. नाव सांगितलं नाही.

बाकीचं पोरीनं एकटीनं केलं. 2019 चा एम्सचा देशव्यापी अहवाल तिनं काढला. त्यात वर्षभरात भांग-गांजा-चरस घेणारे 3.1 कोटी, पैकी भांगवाले 2.2 कोटी, गांजा-चरसवाले 1.3 कोटी. मी म्हटलं, बेरीज चुकली. ती म्हणाली, “मामा, काही जण दोन्ही घेतात.” दारूवाले त्याच अहवालात 16 कोटी, पण ती चिठ्ठी डब्यात नव्हती. स्वीडनचा 1987 चा अभ्यास तिनं घेतला. सैन्यभरतीतल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया सहापट दिसला. खाली तिनं लिहिलं, गांज्यामुळेच का, हे एवढ्यावरून ठरत नाही, पण कोवळ्या वयात ओढणाऱ्यानं हा आकडा हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत 2018 मध्ये याच झाडातल्या एका घटकाचं औषध लहान वयातल्या अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांवर मंजूर झालं, तेही आलं. तेव्हा दोनच प्रकारांवर, केसगळतीवर नाही. दोन्ही दुकानांचं गिऱ्हाईक तुटेल असा तो मजकूर झाला.

सरांनी वीस पानं चाळली. म्हणाले, “छान आहे, पण गांजा वाईट की चांगला ते शेवटी स्पष्ट येत नाही.” मग पहिल्या पानावर आले. तिथे कॉलेजचा छापील तक्ता : नाव, हजेरी क्रमांक, विषय, विषय निवडण्याचे कारण. कुठलाही रकाना मोकळा ठेवू नये, अशी खाली सूचना. भाचीनं कारणापुढे लिहिलं होतं : चिठ्ठी.

सरांनी लाल पेनानं ते खोडलं आणि वर लिहिलं : समाजप्रबोधनाची तळमळ.