पुरुषांच्या पोशाखाची तजवीज

मुंबईसारख्या महानगरीत पुरुषाने रुबाबदार पोशाख कोठे खरेदी करावा, या प्रश्नाचा निकाल वस्तुतः ज्याच्या त्याच्या खिशाने आणि पोटाने मिळून द्यावयाचा असतो. परंतु व्यवहारात तो सोबत आलेले कुटुंब देते, आणि खिसा व पोट हे उभय पक्षकार तो निमूटपणे मान्य करतात.

कुटुंबाचा कौल बहुधा लोअर परळच्या बाजूने पडतो. ज्या फिनिक्स मिलमध्ये गिरणगावचा माणूस पाळ्या करून कापड काढीत असे, तिच्या आवारात आता मॉल उभा आहे. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले, त्यांतील अनेक पुन्हा साच्यावर परतले नाहीत, आणि त्याच भूमीवर दूरदेशी शिवलेला सदरा आज वातानुकूलित शांततेत, घासाघिशीची सोय नसलेल्या किमतीला मिळतो. तेथील 'स्लिम फिट' नामक प्रकार चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने घालून पाहिल्यास सर्व बटणे लागतात, नाही असे नाही. मात्र ती लागल्यानंतर श्वास घ्यावयाचा की बोलावयाचे, यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. बाहेर उभा असलेला तरुण विक्रेता "सर, असंच असतं हे," असे फर्मावतो.

कुलाब्यास केवळ सदऱ्यांकरिता नावाजलेले चराग दीन आहे. तेथे जाणाऱ्यास माझ्या सल्ल्याची गरज नसते.

ज्या बॉम्बे जिमखान्यावर १९३३ साली हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला, त्याच्या समोरच्या पदपथावरील फॅशन स्ट्रीटवर मात्र आजही रोज कसोटी लागते, ती गिऱ्हाइकाच्या जिभेची. सांगितलेल्या भावाचा तिसरा हिस्सा देऊ करून, शिष्टाचारानुसार चार पावले निघून जाण्याचा विधी येथे यथासांग पार पाडावा लागतो. कॉलरवरील आकडा हा येथे पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. पाटलोणीचे माप घेण्याची रीत तर अद्भुतच: बटण लावून तिची कंबर दुपदरी धरावयाची आणि गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळावयाची, दोन्ही टोके भिडली की ती बसलीच म्हणून समजावे. मनुष्याची कंबर मानेच्या दुप्पट असते, या सिद्धान्तावर हे सारे आधारलेले आहे, आणि विद्यार्थिदशेपुरता तो निर्दोषही आहे. परंतु पुढे बैठ्या नोकरीत मान होती तेथेच राहते आणि कंबर तेवढी बढती घेत जाते, याची दखल या शास्त्राने अद्याप घेतलेली नाही.

म्हणून माझे मत विचाराल तर ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटाच्या बाजूचे. छपराखालच्या त्या अरुंद गल्ल्यांतून, पांढऱ्या गादीवर बैठक मारलेला दुकानदार थान असे फेकतो की ते उलगडत उलगडत थेट आपल्या गुडघ्याशी येऊन थांबते. मग तेच कापड आपल्या खांद्यावर टाकून तो मान किंचित कलती करतो आणि "साहेब, तुमच्यावर खुललं," असे म्हणतो. हे तो सर्वांनाच म्हणतो, हे ठाऊक असूनही ऐकावयास बरे वाटते. छत्तीस इंची पन्हा असेल तर पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यास सव्वादोन मीटर, अठ्ठावन्न इंची असेल तर एक मीटर साठ, हा सर्वसाधारण हिशेब. पण कात्री चालविण्यापूर्वी तो आपल्या मध्यभागावर एक दृष्टिक्षेप टाकतो आणि काही न बोलता चार बोटे कापड अधिक सोडतो. इतकी अब्रूदारी मॉलमध्ये मिळावयाची नाही.

ती अब्रू पुढे शिंप्याच्या दुकानात जाते, हे कबूल. मास्तर फीत लावून "छाती चाळीस, पोट बेचाळीस" असा पुकारा कोर्टाच्या बेलिफाच्या स्वरात करतात, लिहून घेणारा पोऱ्या "किती?" असे पुन्हा विचारतो, आणि बाकावर खोळंबलेली मंडळी तो आकडा एकमेकांस ऐकवितात. परंतु असा सदरा अंगात घातल्यावर श्वास घेता घेता बोलता येते, आणि शिवणीत आत इंचभर कापड दाबलेले असल्यामुळे पुढील दिवाळीच्या फराळाचीही तरतूद झालेली असते.

तेव्हा वाचकहो, लग्नसराईच्या महिनाभर आधी निघा, मास्तरांनी मुक्रर केलेल्या तारखेत आपल्या मनाने आठ दिवस मिळवा, आणि रविवारी जाऊ नका. त्या दिवशी मंगळदास मार्केट बंद असते.