शिळ्या ब्राउझरला ऊत

लोधिवलीत रिलायन्सचं नाव टाळू म्हटलं तरी टळत नाही. इथे धीरूभाई अंबानींच्या नावाचं रुग्णालय, जवळच पाताळगंगेचा कारखाना. त्याच घराण्याने जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर केला. १,५०० रुपये अनामत ठेवा आणि बटणांच्या फोनात अख्खं इंटरनेट घरी न्या!

आतली प्रणाली कायओएस. मोझिलाने डिसेंबर २०१५ मध्ये फायरफॉक्स ओएसच्या स्मार्टफोनांचा नाद सोडला, त्या राखेतून ही उगवली. कायओएस २.५ च्या पोटातलं ब्राउझर इंजिन गेको ४८. संगणकावर हेच इंजिन असलेला फायरफॉक्स ४८ आला ऑगस्ट २०१६ मध्ये. म्हणजे बाळ जन्मलं तेच दाढीमिशा घेऊन.

मग एखादी वेबसाइट प्रेमाने सांगते, ‘आपला ब्राउझर अद्ययावत करा.’ करा म्हणे! ब्राउझर प्रणालीतच शिजवलेला. भाजीतलं मीठ तेवढं काढून नवं घाला म्हणण्यासारखं हे. पूर्ण प्रणालीच कंपनीने बदलून दिली तर मिळणार, आणि आपण वाट पाहणार. (वाट पाहण्याचा सराव आपल्याला एसटीने करून ठेवलाच आहे.) बरं, सल्ला देणाऱ्याच्या खिशात दरवर्षी नवा फोन असतो, हे सांगायला नकोच.

२०१८ मध्ये जिओफोनवर वाजतगाजत आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपनेही जून २०२४ पासून कायओएसवरच्या नव्या पाहुण्यांना दार बंद केलं.

कायओएस ३.० मध्ये गेको ८४ आला. पण नव्या फोनांत. जुन्यातला ४८ अजून ४८च आहे.